कर्तव्यावर असताना हसणे

मागच्या रविवारी आमच्या गारखेड्याच्या सोसायटीत टँकर आला, आणि पाइप जोडता जोडता निसटला. ते सगळं पाणी इस्त्रीच्या कपड्यांत उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या अंगावर गेलं. रांगेत मी तिसरी होते. मी म्हटलं, "चला, गावात एकाची तरी अंघोळ झाली." रांग हसली. सेक्रेटरी मात्र चष्मा पुसत म्हणाले, "काकू, परिस्थिती गंभीर आहे. यात हसण्यासारखं काय आहे?"

गंभीर. हा शब्द मला कुणी शिकवू नये. उभं आयुष्य मी नर्सची नोकरी केली. गंभीर माणसांच्या उशापायथ्याशीच माझे दिवस गेले. आणि गंभीर परिस्थितीत हसू नये, हा कायदा माझ्यावर एकदा रीतसर बजावूनही झाला आहे. त्या उन्हाळ्याची आठवण दर दुष्काळात येते. यंदाही आली, आणि येताना राग घेऊन आली.

तेव्हा शहर नुकतंच हातपाय पसरायला लागलं होतं. गारखेड्यात ज्वारीच्या धसकटांतच प्लॉटचे पांढरे दगड रोवले जात होते. माझ्या वडिलांनी हौसेनं घर बांधलं, आणि घर पुरं व्हायच्या आत बोअर आटलं. दिवसभर कुठं ना कुठं बोअरचं मशीन घरघरत असायचं. त्याचा तो राखाडी भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपावर, पापण्यांवर बसायचा. कंपन्या वाढत होत्या, माणसं वाढत होती, खोल्या वाढत होत्या. पाणी तेवढं वाढायचं विसरलं. लोक मिळेल ते पाणी पीत होते: गढूळ, हिरवं, लोखंडाचा वास येणारं. मग चितेगावकडच्या कामगारवस्त्यांतून आणि लांबच्या खेड्यांतून उलट्या-जुलाबाचे पेशंट आमच्या इस्पितळात येऊ लागले. आधी खाटा भरल्या, मग दोन खाटांमधली जमीन भरली, मग व्हरांडा.

शेवटी मैदानात मंडप घातला. मंडप खरोखर लग्नाचा होता. पंगतीला पाणी नाही म्हणून त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली गेली होती आणि मंडपवाल्याचा माल पडून होता. त्यानं तो जसाच्या तसा आणून उभा केला. लाल-पिवळी झालर, दारावर चमकीचं 'सुस्वागतम्', आणि जिथं झुंबरं टांगतात त्या आडव्या बांबूंना आमच्या सलाईनच्या बाटल्या. दुपारी उन्हानं ते कापड पेटल्यागत व्हायचं आणि आत सगळ्यांचे चेहरे लालसर दिसायचे, त्यामुळं कोण फिकट पडलंय ते ओळखायला आम्हांला पेशंटला बाहेरच्या उजेडात न्यावं लागायचं. फिनेल, घाम, ओली सतरंजी आणि कापडाला चिकटून राहिलेला कुणाच्या तरी लग्नातल्या अत्तराचा वास, असा तो सगळा मिळून एक वास होता. तो मला आजही कुठल्याही लग्नात येतो.

अजिंठ्याकडचे एक आजोबा आले होते. मुलाच्या खांद्यावर हात टाकून कसेबसे दारात पोचले, वर पाहिलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "लगीन कुनाचं हाय?"

"तुमचंच की हो बाबा," शहनाज म्हणाली. "पयले सलाईन लावून घ्या. हळद मंग."

आजोबांच्या सुरकुत्या हलल्या. म्हणाले, "म्हातारीला सांगू नगा."

ही शहनाज. माझ्याबरोबरची नर्स, माझी मैत्रीण. तिचे वडील हिमरूच्या शाली विणणारे कारागीर. माग बंद पडून वर्षं झाली होती आणि घर हिच्या नोकरीवर चाललं होतं. नोकरीही तात्पुरती. दर काही महिन्यांनी नेमणुकीचा आदेश संपायचा आणि इस्पितळाच्या साहेबांनी तो पुढं वाढवला तर वाढायचा. तरीही आमच्या सगळ्यांत मोकळं हसायची ती हीच. माझं घर कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाचं. घरात श्लोक, वरण-भात आणि बेताचं बोलणं. मी नर्सिंगला गेले तेव्हा वडील चार महिने माझ्याशी बोलले नव्हते. मला मोठ्यानं हसायला शहनाजनं शिकवलं.

तिला आणि आम्हांला त्या दिवसांत एक वेड लागलं होतं. नर्सेसच्या विश्रांतीच्या खोलीत टीव्ही होता आणि केबल नुकतीच आली होती. सकाळपाळी संपवून आम्ही तिथं जेवायला बसायचो, तेव्हा दुपारी एक इंग्रजी मालिका लागायची. कुठल्याशा परदेशी लढाईतलं इस्पितळ. डॉक्टर आणि नर्सेस तंबूत राहतात, तंबूत ऑपरेशनं करतात, जखमी येतच राहतात, आणि ही मंडळी टाके घालता घालता एकमेकांची टर उडवतात. इंग्रजी आम्हांला औषधांच्या नावापुरतं येत होतं. शहनाजला थोडं जास्त यायचं, आणि जिथं यायचं नाही तिथं ती थांबायची नाही. तिकडं गोरा डॉक्टर तोंड उघडायचा आणि इकडं शहनाज भाकरीचा तुकडा हातात धरून सांगायची, "ये बोलरा, कायकू इत्ता रक्त लाये रे, कल का इच अभी धुलया नईं." मग दुसरा बोलायचा. "ये बोलरा, साब, टँकर नईं आया, हात कायसे धोनेका?" त्या लढाईत टँकर कुठून आला, असं कुणी विचारत नव्हतं. तिच्या भाषांतरात ती लढाई आमच्याच मैदानात चालली होती.

मला त्या मालिकेतली एकच गोष्ट खटकायची. कुणी काही गमतीचं बोललं की पडद्यामागून पुष्कळ माणसं हसायची. दिसत कुणीच नसे. तंबूत तर चारच जण. मी एकदा विचारलं, "हे मागून कोण हसतं गं?"

शहनाज विचारात पडली. मग म्हणाली, "अच्छे होके घर गये सो लोगां हैं वो. घर बैठके हसरे."

आता मला ठाऊक आहे की तो हशा ध्वनिमुद्रित असतो, वरून जोडतात. माझ्या भाच्यानं ते मला नीट समजावून सांगितलं. मी समजून घेतलं आणि बाजूला ठेवलं. त्या वर्षी आमच्या हातून बरी होऊन गेलेली माणसं कुठंतरी हसत असतील, हे मला आजही जास्त पटतं. जी गेली नाहीत, मंडपातच संपली, त्यांचं काय, हा प्रश्न मी तेव्हा शहनाजला विचारला नाही.

आमच्या मेट्रन साळवेबाई जालन्याच्या. पांढरी साडी, छातीवर टाचलेलं घड्याळ, आणि ज्यावर हसू उमटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं असा चेहरा. बाई खडूस नव्हत्या. रात्रंदिवस राबायच्या, स्वतः बेडपॅन उचलायच्या. पण इस्पितळ आणि देऊळ यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता. एकदा त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर ऑपरेशन चाललं होतं आणि मास्कमागून थट्टा चालली होती. बाईंनी थोडा वेळ पाहिलं. "कात्री अशी देतात का?" म्हणाल्या आणि टीव्ही बंद करून गेल्या. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप होतं.

त्यानं आमचं काही अडलं नाही. मालिका बंद झाली, शहनाज चालू होती. पाहिलेले भाग संपले तेव्हा ती नवे करून सांगायला लागली, आणि ते सांगायची जागा आता मंडप झाली.

हे ती करमणुकीसाठी करत नव्हती, ते सांगायला हवं. अंगातलं पाणी गेलेल्या माणसाची शीर सापडत नाही. ती आत आत जाते. त्यात माणूस भ्यालेला असेल तर हात आखडतो, मूठ वळते, आणि मग सुई घेऊन तुम्ही नुसते टोचत बसता. शहनाज हात हातात घ्यायची, चोळायची, आणि त्या तंबूतल्या डॉक्टरांची काहीतरी गोष्ट काढायची. समोरचा हसला की बोटं सैल सुटायची. त्या क्षणी तिची सुई आत गेलेली असायची. हसवताना तिची नजर कधी चेहऱ्यावर नसे, हातावरच असे. पाहणाऱ्याला फक्त दात दिसायचे.

आणि एका सकाळी नेमकं पाहणारे आले. साहेब, म्हणजे आमच्या इस्पितळाच्या कारभाराचे प्रमुख, कुणा एका बड्या पाहुण्यांना मंडप दाखवायला घेऊन आले होते. त्याच्या थोडं आधी चितेगावच्या बाजूचा एक माणूस गेला होता. तरणाताठा. आणलाच होता उशिरा. शहनाजनंच त्याचे डोळे मिटले, हनुवटी बांधली, त्याच्या बायकोला धरून बाहेर सावलीत नेऊन बसवलं, पाणी पाजलं. परत आली तेव्हा शेजारच्या सतरंजीवरची म्हातारी थरथर कापत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिचा हात लाकडासारखा झाला होता आणि सलाईन तर लावायलाच हवं होतं. शहनाज तिच्यापाशी बसली आणि गोष्ट सुरू केली. म्हातारी आधी रडली, मग हसली, मग ती अख्खी ओळ हसली. मीही हसले. पाहुणे दारात होते.

"इथं आत्ता मयत झालंय ना?" ते साहेबांना म्हणाले. "आणि या हसतायत?"

त्यांचं अगदीच चूक होतं, असं मी म्हणणार नाही. बाहेर सावलीत एक बाई बसली होती आणि कापडाच्या भिंतीतून हसू ऐकू जातं. पण त्या भल्या माणसानं हसणं पाहिलं आणि हात पाहिला नाही. पाहिला असता, तर बांबूला टांगलेल्या बाटलीतून थेंब सुरू झालेला त्याला दिसला असता.

संध्याकाळच्या आत शहनाजच्या हातात मेमो पडला. 'कर्तव्यावर असताना हसणे', असं शब्दशः लिहिलं होतं. तिला मंडपातून काढून कपड्यांच्या भांडारात चादरी मोजायला बसवलं. 'यापुढे कर्तव्यावर असताना हसणार नाही', असा माफीनामा तिनं लिहून द्यायचा होता. तिचा आदेश त्याच महिन्याअखेर संपत होता. माफीनामा नाही तर पुढचा आदेश नाही, हे साहेबांनी साळवेबाईंमार्फत कळवलं. आम्हां बाकीच्यांना तोंडी ताकीद मिळाली की मंडपात दात दिसता कामा नयेत.

मी शहनाजला म्हटलं, "लिहून दे गं. कागदच आहे. घरी अब्बांकडे बघ."

ती चादरीची घडी घालत म्हणाली, "अब्बा से पुछ को इच आयी मैं. वो बोले, चोरी की क्या तू? नईं ना? तो माफी कायकी? जो बोलो लिख देती. हसती नईं बोल को नईं लिखती. झूट होता वो."

मला तिचा राग आला, भीती वाटली, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. मी त्या जागी असते तर सही करून मोकळी झाले असते. आमच्या घरात तीन पिढ्या वरिष्ठांनी पुढं केलेल्या कागदावर सही करत आल्या होत्या.

मग आम्ही हुकूम पाळला, अगदी तंतोतंत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंडपात कुणी हसलं नाही, कुणी जादा बोललं नाही. सलाईन लावलं, पट्टी चिकटवली, पुढं. आमचा काही कावा नव्हता. आम्ही फक्त घाबरलो होतो. पण मंडपाला ते काय ठाऊक? अजिंठ्याच्या आजोबांनी मला विचारलं, "ती हसरी सिस्टर कुटं हाय?" मला ताकीद आठवली. मी मान खाली घालून बाटली बदलली.

झालं. मान खाली घातलेली मंडपानं पाहिली होती. दुपारपर्यंत ओळीओळीतून कुजबुज फिरली की हसऱ्या सिस्टरला हीच बीमारी लागली आणि ती गेली. दवाखाना लपवतोय. बघा, साऱ्याजणी सुतकात हायेत. सिस्टरला वाचवता आलं नाय, तर आपली काय गत? एका बाईनं नवऱ्याच्या हातातली सुई स्वतःच उपटली. "मराचंच तर घरी मरू," म्हणाली आणि गाठोडं बांधायला घेतलं. तिचं पाहून दुसरी उठली. दारावरच्या 'सुस्वागतम्'खाली माणसं एकमेकांना आधार देत निघाली. ज्यांना उभं राहवत नव्हतं, त्यांना नातेवाइकांनी सतरंजीसकट उचललं.

मी धावत जाऊन साळवेबाईंना आणलं. बाई मंडपाच्या मधोमध उभ्या राहिल्या. कमावलेला आवाज होता त्यांचा. "घाबरायचं काही कारण नाही," असं त्यांनी त्या चेहऱ्यानं सांगितलं. ते ऐकून आणखी दोघांनी सुया काढायला लावल्या.

मग बाईंनी एक गोष्ट केली. ती आठवली की मला आजही गलबलून येतं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. ओठ ताणले, दात दाखवले, मान डोलावली. डोळ्यांत पाणी होतं, कारण रिकाम्या होत चाललेल्या सतरंज्या त्यांना दिसत होत्या. समोरचं एक पोर त्यांच्याकडे पाहून भोकाड पसरून रडायला लागलं. बाई वळल्या आणि तडक भांडाराकडे चालू लागल्या.

शहनाज आली ती हातात चादरी तशाच घेऊन. दारात थांबली. निघालेली माणसं जागच्या जागी उभी राहिली.

"मरी नईं मैं," ती म्हणाली. मग मराठीत, "व्हय व्हय, जित्ती हाय. चादरी मोजायलेय तिकडं. तुमी कुटं निघालेत? मांडव सोडून वऱ्हाड पळतंय, असं कंदी बघितलं व्हतं का?"

आजोबा पहिल्यांदा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग हळूहळू मंडपच हसला, लाल उजेडात, आडवा पडल्या पडल्या. निघालेली बाई गाठोड्यावरच बसली, हसली आणि मग ढसाढसा रडली. शहनाजनं चादरी तिच्या शेजारी ठेवल्या, तिच्या नवऱ्याचा हात हातात घेतला आणि शीर शोधायला लागली. साळवेबाई खांबाला धरून तिच्याकडे बघत होत्या. या खेपेला त्या तिच्या हाताकडे बघत होत्या.

दुष्काळावर लिहिताना शेवटी पाऊस आणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी आणणार नाही. त्या वर्षी तो आम्हांला आणता आला नव्हता, आणि आता कागदावर आणून काय करू? त्या परदेशी मालिकेतल्या लोकांना निदान ठाऊक होतं की लढाई एक दिवस संपेल, तंबू गुंडाळून घरी जाता येईल. आमचा दुष्काळ संपत नाही, फक्त सुट्टीवर जातो. शहर त्याच्या डोक्यावरून वाढत राहतं. आमच्या ज्वारीच्या शेतात आता सात मजली इमारती आहेत आणि सातव्या मजल्यावरही टँकरचंच पाणी चढतं. शत्रू समोर दिसत असता तर आम्हीही दातओठ खाल्ले असते. तो दिसत नाही. मग जे दात ओठ खायला उपयोगी पडत नाहीत, ते दाखवायचे तरी. आमच्याजवळ दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी साळवेबाई मला आणि शहनाजला घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. शहनाजचा आदेश संपायला आला होता.

"माफीनामा आणला?" साहेबांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही लिहिणार नाही, आणि मी लिहायला लावणार नाही."

"मग मला आदेश वाढवता येणार नाही."

"नका वाढवू, साहेब. फक्त उद्यापासून मंडपात हसायला कुणाची नेमणूक केली, तेवढं मला लेखी कळवा. नाव, हुद्दा आणि पाळी."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही माझी गंमत करताय का?"

"मला गंमत करता येत नाही, साहेब," साळवेबाई म्हणाल्या, त्याच चेहऱ्यानं. "काल करून पाहिली. माझे पेशंट उठून पळाले. म्हणून तर माणूस मागतेय."

माझ्या शेजारी शहनाजनं ओठ घट्ट मिटले. मग तिचे खांदे हलायला लागले. मग त्या खोलीत, साहेबांसमोर, गणवेशात, भर पाळीत ती खळखळून हसली. माझंही सुटलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि आदेश पुढं ओढून त्यावर सही केली. या बायका एकदाच्या गप्प बसाव्यात म्हणून केली की आणखी कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. कागद त्यांनी शहनाजच्या हातात दिला आणि तिचं हसणं थांबायची वाट बघत बसले.

ती थांबली नाही.